लाळेच्या नळीतला खडा: दुर्बीण वेगळी, एक्स-रेवर बघून काढणं वेगळं

जेवायला बसलं की जबड्याखाली टम्म सुजतं, ठणकतं आणि थोड्या वेळाने आपोआप उतरतं, असं सारखं होत असेल तर लाळेची नळी तुंबलीय का ते बघायलाच हवं. आत बहुतेक वेळा खडा असतो, नाहीतर नळी अरुंद झालेली असते. पूर्वी अशा वेळी बऱ्याचदा ग्रंथीच काढून टाकायचे, आता नळीच्या तोंडातून शिरून काम होतं, पण त्याच्या दोन पद्धती आहेत आणि लोक दोन्हीला सरसकट 'दुर्बिणीने काढलं' म्हणतात, घोळ तिथेच होतो.

खरी दुर्बीण म्हणजे सायलेंडोस्कोपी, ही कान-नाक-घसावाले करतात. आरशासमोर जीभ वर उचला, मधल्या पडद्याच्या दोन्ही बाजूंना टाचणीच्या डोक्याएवढे उंचवटे दिसतील, नळीचं तोंड ते. तिथून मिलिमीटर-दीड मिलिमीटर जाडीचा कॅमेरा आत जातो, सलाईन सोडत सोडत. खडा डोळ्यांनी दिसतो, शिवाय एक्स-रेत न दिसणारा चिकट कफासारखा गोळाही दिसतो, आणि जाताजाता स्टिरॉईडने नळी धुताही येते. त्या सलाईननेच गाल किंवा गळा नंतर फुगतो, घाबरू नका, ओसरतो.

दुसऱ्या पद्धतीत कॅमेराच नाही! बारीक नळीतून आयोडीनचा डाय सोडतात आणि चालू एक्स-रेच्या स्क्रीनवर बघत तार, नळी रुंद करणारा फुगा किंवा खडा पकडणारी जाळी आत घालतात, थोडक्यात अँजिओप्लास्टीच, फक्त हृदयाऐवजी लाळेच्या नळीत. हे रेडिऑलॉजिस्टचं काम, बहुतेकदा नुसती जागा बधिर करून होतं. नळी अरुंद असेल तर मला हीच पद्धत जास्त पटते कारण अडलेल्या जागेच्या पलीकडे डाय थोडा जरी गेला तरी फांद्या कशा आहेत ते कळतं, कॅमेरा मात्र त्या अरुंद जागेपाशीच अडतो. आयोडीनची ॲलर्जी असेल तर आधीच सांगा.

खड्याचा आकार मात्र दोन्हीकडे आडवा येतो. ४ मिमीच्या आसपासचा, हलणारा खडा जाळीत येतो, त्याहून मोठा किंवा रुतून बसलेला असेल तर लेझरने फोडा नाहीतर तोंडातून छोटा छेद घ्या. आणि खड्याच्या पुढे, तोंडाकडच्या बाजूला, नळी अरुंद असताना खडा जाळीत पकडला तर जाळीसकट अडकू शकतो, म्हणून आधी फुगा, मग जाळी. ताप, पू असेल तर दोन्ही थांबवतात, आधी अँटिबायोटिक.