डिजिटल ट्विन : औषधनिर्मितीतील तंत्रज्ञान-हस्तांतर

औषधाची उत्पादनप्रक्रिया प्रयोगशाळेतून कारखान्यात किंवा एका कारखान्यातून दुसऱ्यात नेताना, त्या प्रक्रियेचे व यंत्रसामग्रीचे प्रत्यक्ष मोजमापांशी जोडलेले गणिती प्रतिरूप वापरण्याची पद्धती. यंत्रातील तापमान, दाब, वजन यांच्या नोंदी प्रतिरूपाला मिळत राहतात आणि त्यानुसार त्याचे अंदाज दुरुस्त होतात. नव्या जागी प्रक्रिया कोणत्या मर्यादांत चालवावी हे आधी ठरवणे आणि चाचणी-बॅचेस कमी करणे, हे तिचे मुख्य उपयोग.

संकल्पनेच्या उगमाविषयी एकमत नाही. अपोलो 13 यानातील एप्रिल 1970 च्या अपघातानंतर नासाने जमिनीवरील सिम्युलेटरांवर सुटकेचे उपाय तपासले; त्याला काही लेखक पहिले डिजिटल ट्विन मानतात. डेव्हिड गेलर्न्टर यांनी 1991 मध्ये मांडलेल्या ‘आरसा-जगा’च्या (संगणकात उभ्या केलेल्या वास्तवाच्या प्रतिबिंबाच्या) कल्पनेकडेही बोट दाखवले जाते. मायकेल ग्रीव्ह्‌ज यांनी 2002 च्या सुमारास मिशिगन विद्यापीठात वस्तू, तिचे आभासी रूप आणि दोहोंतील माहितीची देवघेव अशी तीन अंगे मांडली; ‘डिजिटल ट्विन’ हे नाव मात्र सामान्यतः नासाचे जॉन व्हिकर्स यांच्याकडे जाते व 2010 च्या सुमारास नासाच्या तंत्रज्ञान-आराखड्यात ते आढळते. अपोलोच्या सिम्युलेटरांत यानाची स्थिती माणसांनी हाताने भरली होती. त्यामुळे त्यांना पूर्वज म्हणणे ठीक, पण ग्रीव्ह्‌ज यांची मांडणी आरंभबिंदू धरणे अधिक सयुक्तिक वाटते.

क्रिट्झिंगर व सहकाऱ्यांनी 2018 मध्ये माहितीच्या प्रवाहावरून तीन पायऱ्या केल्या. माहिती हाताने भरली जाते ते डिजिटल मॉडेल. यंत्राकडून आपोआप येते ती डिजिटल शॅडो. आणि प्रतिरूपाकडून यंत्राकडेही आपोआप परत जाते ते डिजिटल ट्विन. ही कसोटी काटेकोरपणे लावली, तर हस्तांतराच्या आरंभी वापरलेले कोणतेही प्रतिरूप ट्विन ठरत नाही, कारण स्वीकारणाऱ्या कारखान्यात त्या औषधाची एकही बॅच तोवर निघालेली नसते. अडचण खरी इथेच आहे : प्रतिरूपाची गरज त्याचा भौतिक जोडीदार चालू होण्याआधी असते. म्हणून ते दोन ठिकाणच्या माहितीतून जुळवावे लागते. औषधाचे गुणधर्म देणाऱ्या जागेकडून येतात, यंत्राचे गुणधर्म घेणाऱ्या जागेकडून.

ही विभागणी लायोफिलायझेशनमध्ये (गोठवून निर्वातात वाळवणे) सर्वांत स्वच्छ दिसते. अनेक इंजेक्शने, तसेच पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटमध्ये बनणारी गोवराची लस, याच पद्धतीने वाळवतात. मायकेल पिकल यांनी 1980 च्या दशकात व्हायलमधील (औषधाच्या लहान कुपीतील) उष्णता व बाष्पाच्या वहनाचे जे समीकरण मांडले, ते आजच्या बहुतेक प्रतिरूपांचा पाया आहे. एक ग्रॅम बर्फाचे संप्लवन (न वितळता थेट बाष्प) होण्यास सुमारे 2.8 किलोज्यूल उष्णता लागते. ती शेल्फकडून (व्हायल ठेवलेल्या यंत्रातील फळीकडून) व्हायलच्या तळातून किती वेगाने येते हे उष्णता-संक्रमण गुणांक सांगतो. तो व्हायलचा आकार, चेंबरचा दाब व यंत्र यांवर अवलंबून असतो. बाष्पाला वाळलेल्या थरातून जाताना होणारा रोध हा मुख्यतः औषधाचा गुण. पहिला आकडा नव्या यंत्रात औषध न वापरता मिळतो : व्हायलमध्ये पाणी भरून गोठवायचे, काही तास संप्लवन होऊ द्यायचे आणि प्रत्येक व्हायलची घट तोलायची. महागडे औषध खर्ची न पडता यंत्राची ओळख होते, हे या पद्धतीचे मोठे बळ आहे.

तरीही रोधाचा आकडा जसाच्या तसा नेता येत नाही. निर्जंतुक, धूळमुक्त कक्षात बर्फ धरायला लागणारे कण (केंद्रके) कमी मिळतात, पाणी गोठणबिंदूखाली अधिक थंड (अतिशीत) होऊन मग गोठते, स्फटिक बारीक होतात आणि रोध वाढतो. त्यामुळे प्रयोगशाळेतील वेळापत्रक कारखान्यात अपुरे पडू शकते. शेल्फच्या कडेच्या व्हायल भिंतींच्या प्रारणामुळे लवकर वाळतात. लहान यंत्रात अशा व्हायलचे प्रमाण अधिक असल्याने तेथील सरासरी फसवी ठरते. शिवाय चेंबर व कंडेन्सर (बाष्प पुन्हा गोठवून धरणारा भाग) यांमधील नळीत बाष्पाचा वेग ध्वनिवेगाला पोहोचला की दाबावरील नियंत्रण सुटते, म्हणून यंत्राची ही मर्यादाही प्रतिरूपात घालावी लागते. बॅच सुरू झाल्यावर पिरानी (पाण्याच्या बाष्पात दाब जास्त दाखवणारा) व कपॅसिटन्स (वायू कोणताही असो, खरा दाब दाखवणारा) या दाबमापकांच्या वाचनांतील फरक प्रतिरूपाला पुरवता येतो. दोन्ही वाचने जुळू लागली की प्राथमिक शुष्कन (बर्फ उडून जाण्याचा टप्पा) संपत आल्याचे कळते.

बायोरिअ‍ॅक्टरमध्ये (पेशी वाढवण्याच्या टाकीत) विभागणी इतकी सुटी नसते. भूमितीय साम्य व दर घनफळामागील ढवळण्याची शक्ती कायम ठेवून 2 लिटरवरून 2,000 लिटरवर गेल्यास मिश्रणाचा वेळ सुमारे 4.6 पट व ढवळणीच्या टोकाचा वेग सुमारे 2.2 पट होतो. सर्व राशी एकाच वेळी स्थिर ठेवता येत नाहीत. पेशींचे वर्तन याच बदलांना प्रतिसाद देते. गोळ्यांच्या ओल्या ग्रॅन्युलेशनमध्ये (भुकटी ओली करून तिचे दाणे बनवणे) मूलभूत समीकरणे अधिक दुबळी असून प्रयोगांवर बेतलेल्या मॉडेलांवर भिस्त राहते.

नियामक चौकटीत आयसीएच या औषध-नियमांचा मेळ घालणाऱ्या आंतरराष्ट्रीय परिषदेची क्यू10 मार्गदर्शिका (2008) तंत्रज्ञान-हस्तांतराला उत्पादनाच्या जीवनचक्राचा टप्पा मानते. आयसीएचच्या कार्यगटाने 2011 मध्ये मॉडेलांचे गुणवत्तेवरील परिणामानुसार कमी, मध्यम व उच्च असे वर्ग केले. पडताळणीची कसोशी वर्गानुसार वाढते. केवळ चाचण्या आखण्यास मदत करणारे प्रतिरूप पहिल्या वर्गात येते, तर बॅच वापरासाठी मुक्त करण्याचा निर्णय ज्यावर मुख्यतः अवलंबून आहे ते शेवटच्या. अमेरिकी औषध-नियामक एफडीएच्या 2011 च्या मार्गदर्शिकेत प्रक्रिया-पात्रतेसाठी (प्रक्रिया कारखान्यात नीट चालते हे सिद्ध करण्यासाठी) बॅचेसची ठराविक संख्या दिलेली नाही. ती शास्त्रीय आधाराने ठरवायची असते. चांगले तपासलेले प्रतिरूप या आधाराचा भाग होऊ शकते, पण नव्या जागेतील प्रत्यक्ष बॅचेसची जागा घेऊ शकत नाही.