रोटरीसह सीएनसी राउटरसाठी पीएमईजीपी अर्ज: पात्रता, कागदपत्रे आणि कोटेशन

कोरीव खांब, बंगईचे खांब, पलंगाचे पाय, देव्हाऱ्याचे कळस ही गोल कामे सपाट टेबलाच्या सीएनसी राउटरवर, म्हणजे संगणकाच्या सूचनांवर लाकूड कोरणाऱ्या मशीनवर, होत नाहीत. त्यासाठी लाकूड फिरवणारा चौथा अक्ष, म्हणजे रोटरी लागते. अशी मशीन कर्जावर घेऊ पाहणाऱ्या ग्रामीण भागातल्या सुतार-वाढयांसाठी पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रम, म्हणजे पीएमईजीपी, ही बँकेच्या कर्जाला सरकारी अनुदान जोडणारी सर्वांत उपयोगी योजना आहे. ऑनलाइन फॉर्म भरणे अवघड नाही. प्रकरणे अडतात ती कोटेशन आणि प्रकल्प अहवालात. योजनेची मागची मंजुरी २०२५-२६ आर्थिक वर्षापर्यंतची होती, त्यामुळे कागद जमवण्याआधी केव्हीआयसीच्या (खादी व ग्रामोद्योग आयोगाच्या) पोर्टलवर नवे अर्ज सुरू आहेत का ते बघा.

पात्रता

वय १८ वर्षांपेक्षा जास्त हवे. उत्पादन क्षेत्रात १० लाखांच्या वरच्या प्रकल्पाला किमान आठवी पास लागते. उद्योग नवा असावा, आणि एका कुटुंबात पती-पत्नींपैकी एकालाच लाभ मिळतो. उत्पादनासाठी प्रकल्प खर्चाची मर्यादा ५० लाख आहे, सेवा क्षेत्रासाठी २० लाख. त्यामुळे फॉर्ममध्ये "सीएनसी जॉबवर्क" एवढेच लिहू नका, तो सेवा उद्योग धरला जाऊ शकतो. लाकडी फर्निचर व कोरीव वस्तूंचे उत्पादन असे स्पष्ट लिहा.

ग्रामीण भागात सर्वसाधारण गटाला २५ टक्के आणि विशेष गटाला ३५ टक्के अनुदान आहे. विशेष गटात अनुसूचित जाती-जमाती, ओबीसी, अल्पसंख्याक, महिला, माजी सैनिक, दिव्यांग आणि तृतीयपंथी येतात. आकांक्षित, म्हणजे केंद्राने मागास म्हणून निवडलेल्या, जिल्ह्यांतले अर्जदारही विशेष गटात धरले जातात. विदर्भात गडचिरोली आणि वाशीम हे असे जिल्हे आहेत, म्हणजे तिथल्या खुल्या प्रवर्गातल्या अर्जदारालाही ३५ टक्के मिळतात. ही गोष्ट अर्जदाराने स्वतः ठामपणे मांडावी.

१२ लाखांच्या प्रकल्पाचा हिशोब असा. विशेष गटात स्वतःचे ५ टक्के म्हणजे ६० हजार, बँकेचे ११ लाख ४० हजार, आणि या कर्जापोटी जमा होणारे अनुदान ४ लाख २० हजार. सर्वसाधारण गटात स्वतःचे १० टक्के म्हणजे १ लाख २० हजार, बँकेचे १० लाख ८० हजार, अनुदान ३ लाख.

"ग्रामीण" या शब्दावर बऱ्याच जणांची फसगत होते. पंचायत राज संस्थेखालचा भाग ग्रामीण आणि नगरपालिकेखालचा शहरी, असा आता नियम आहे. तालुक्याचे गाव कितीही लहान असो, तिथे नगरपंचायत झाली असेल तर ग्रामीण दर मिळत नाही. वर्कशॉप शेजारच्या ग्रामपंचायतीच्या हद्दीत टाकता येत असेल तर आधी तो विचार करा.

पीएम विश्वकर्मा योजनेत सुतारांना १५ हजारांचे टूलकिट आणि ५ टक्के व्याजाने आधी १ लाख, मग २ लाख कर्ज मिळते. एवढ्यात राउटर येत नाही. शिवाय गेल्या पाच वर्षांत पीएमईजीपीचे कर्ज घेतलेल्याला विश्वकर्मा मिळत नाही, आणि आधी सरकारी अनुदान घेतलेला उद्योग पीएमईजीपीत बसत नाही. कोणत्या वाटेने जायचे ते पहिल्याच दिवशी ठरवा.

कागदपत्रे

आधार, पॅन, फोटो, शिक्षणाची गुणपत्रिका, विशेष गटाचा दाखला, ग्रामपंचायतीचा ग्रामीण भागाचा दाखला आणि प्रकल्प अहवाल. जागा स्वतःची असेल तर ग्रामपंचायतीचा नमुना ८ चा उतारा, भाड्याची असेल तर भाडेकरार. आधारवरचे नाव आणि शाळा सोडल्याच्या दाखल्यावरचे (टीसी) नाव अक्षरशः जुळले पाहिजे. एकीकडे वडिलांचे नाव आहे आणि दुसरीकडे नाही, एवढ्या फरकानेही अर्ज परत येतो, म्हणून दुरुस्ती आधी करून घ्या. उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगांची सरकारी ऑनलाइन नोंदणी, मोफत आहे, त्यासाठी कोणाला पैसे देऊ नका.

कोटेशन

"४ बाय ८ सीएनसी राउटर विथ रोटरी, १ नग" एवढ्या एका ओळीच्या कोटेशनवर कर्ज मंजूर होईलही, पण मशीन आल्यावर भांडायला कागद हाती नसतो. तपासणीत मशीन कोटेशनशी ताडून पाहतात आणि मागाहून रोटरी वाढवायला वेगळे पैसे मिळत नाहीत. म्हणून पुढच्या गोष्टी आकड्यांसह लिहून घ्या.

पहिली गोष्ट उंची. समजा टेबलापासून स्पिंडलच्या (बिट फिरवणाऱ्या मोटरच्या) कोलेटपर्यंत, म्हणजे बिट धरणाऱ्या तोंडापर्यंत, जास्तीत जास्त २५० मिमी जागा आहे आणि रोटरीचे केंद्र टेबलापासून १२५ मिमीवर. १५० मिमी व्यासाच्या गोल खांबाचा माथा २०० मिमीवर येतो, वर ५० मिमी उरतात. पण सुरुवातीला चकमध्ये, म्हणजे रोटरीच्या पकडीत, चौकोनी नग धरतात. १५० मिमी चौकोनाच्या केंद्रापासून कोपऱ्यापर्यंत १०६ मिमी होतात, म्हणजे फिरताना कोपरा २३१ मिमीपर्यंत चढतो आणि फक्त १९ मिमी उरतात. कोलेटबाहेर ६० मिमी निघालेला बॉलनोज (गोल टोकाचा) बिट त्यात मावतच नाही. मोठे खांब करायचे असतील तर रोटरी टेबलाच्या बाजूला खाली बसवलेली मशीन मागा, आणि "अमुक मिमीचा चौकोनी नग फिरला पाहिजे" असे वाक्य कोटेशनमध्ये घाला.

लांबीही तशीच तपासा. टेबल २५०० मिमी असले तरी चक, मोटर आणि टेलस्टॉक (नगाचे दुसरे टोक धरणारा आधार) आपापली जागा खातात. चक आणि टेलस्टॉक यांमधले प्रत्यक्ष अंतर लिहून घ्या.

तिसरी गोष्ट कंट्रोलर, म्हणजे मशीनच्या मोटरांना हुकूम देणारा भाग. स्वस्त जोडणीत वाय अक्षाचे, म्हणजे टेबलावरच्या एका दिशेच्या हालचालीचे, सिग्नल रोटरीकडे वळवतात. गुंडाळलेली नक्षी आणि साधे खांब त्यावर नीट होतात, म्हणून ती जोडणी वाईट नाही. मात्र तिला "चार अक्षांची मशीन" म्हणून विकत असतील तर घेऊ नका. चारही अक्ष एकाच वेळी चालणारा कंट्रोलर वेगळा असतो.

मशीन ताब्यात घेताना चकवर खूण करून रोटरीला दहा पूर्ण फेरे द्या, खूण जागेवरच आली पाहिजे. २०० स्टेपची मोटर, ८ मायक्रोस्टेप आणि १:६ गिअर असेल तर एका अंशाला २६.६६७ पल्स (मोटरला जाणारे इशारे) येतात. हा आकडा चुकला तर नक्षीचे दोन्ही शेवट जुळत नाहीत. स्पिंडल रोटरीच्या केंद्ररेषेवर नसेल तर नक्षी एका अंगाला झुकते.

सॉफ्टवेअरचा परवाना, धूळ ओढणारे यंत्र, स्टॅबिलायझर आणि अर्थिंग हे सगळे प्रकल्प खर्चातच धरा.

सुटे भाग आणून मशीन स्वतः जोडणे तांत्रिकदृष्ट्या जमते, पण या योजनेत ते बसवणे कठीण आहे. बँक पैसे थेट पुरवठादाराच्या खात्यात टाकते आणि जीएसटी बिल मागते. दहा दुकानांच्या सुट्या बिलांवर शाखा व्यवस्थापक सही करत नाही. जुन्या मशीनचेही तेच.

वीज आणि लाकूड

६ किलोवॅटचा स्पिंडल, २.२ किलोवॅटचे धूळयंत्र आणि मोटर-ड्राइव्ह धरून सुमारे १० किलोवॅट भार होतो. महावितरणची औद्योगिक थ्री-फेज जोडणी लागेल. शेतीपंपाच्या जोडणीवर मशीन चालवली तर वीज कायद्याच्या कलम १२६ खाली दुप्पट दराने आकारणी होते. गावात संध्याकाळी दाब उतरतो, तेव्हा व्हीएफडी (स्पिंडलचा वेग सांभाळणारा ड्राइव्ह) ट्रिप होतो आणि अर्ध्यावर आलेला खांब वाया जातो. अर्थिंगचा खड्डा वेगळा घ्या, नाहीतर व्हीएफडीच्या गोंगाटाने आणि धुळीच्या स्थिर विजेने कंट्रोलर मध्येच अडकतो.

लाकूड कापलेले, बिलासह घ्या. गोल ओंडके चिरायचे म्हटले की आरागिरणीचा परवाना आला, आणि तो मिळवणे हे वेगळेच काम आहे. बल्लारशाहच्या डेपोतला साग घेतला तरी लिलावाची पावती आणि वाहतूक परवाना फाइलमध्ये ठेवा.

अर्जानंतर

पोर्टलवर जिल्हा उद्योग केंद्र, खादी मंडळ किंवा केव्हीआयसी यांपैकी एक यंत्रणा निवडायची असते, शिवाय बँकेची मुख्य आणि पर्यायी शाखा. आपले खाते जिथे नीट चालते तीच शाखा पहिली टाका. २० लाखांपर्यंतच्या कर्जाला तारण मागायचे नाही, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे (१ एप्रिल २०२६ आधी ही मर्यादा १० लाख होती). मागितले तर नकार लेखी मागा. ५ लाखांवरच्या प्रकल्पाला दहा दिवसांचे उद्योजकता प्रशिक्षण करावे लागते.

अनुदान हातात येत नाही. ते तीन वर्षे बँकेत मुदत ठेव म्हणून राहते. त्यावर व्याज मिळत नाही आणि तेवढ्या कर्जावर व्याज लागतही नाही. या काळात हप्ते थकले किंवा तपासणीला मशीन जागेवर नसली, तर अनुदान जाऊ शकते. तीन वर्षे सुरळीत गेली, पहिले कर्ज वेळेवर फिटले आणि उद्योग नफ्यात असला, तर विस्तारासाठी १ कोटीपर्यंतच्या दुसऱ्या कर्जाला १५ टक्के अनुदानाची तरतूद आहे.