जुन्या लॅपटॉपची बोली आठव्या जनरेशनवर का अडते

आपल्याकडं ऑनलाइन लिलाव २००० च्या आसपास सुरू झाले, त्यातली एक नावाजलेली साइट २००४ मध्ये अमेरिकन कंपनीनं घेतली आणि ऑगस्ट २०१८ मध्ये इथलं दुकान बंदही झालं. सुट्या मालाची बोली तिथंच संपली म्हणायची. आता बोली लागते ती लॉटवर. बंगळूरच्या कंपन्या तीन-चार वर्षं वापरलेले लॅपटॉप एकगठ्ठा काढतात, व्यापारी उचलतात, मग सुटे होऊन तेच बेळगाव, निपाणी, चिकोडीला येतात. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये पोरांच्या ऑनलाइन शाळेपायी स्क्रीन लागते एवढं बघूनच माणसं पैसे मोजत होती.

खरी गडबड जून २०२१ पासून. विंडोज ११ जाहीर झालं आणि अट आली, इंटेलचा प्रोसेसर असेल तर त्याची आठवी जनरेशन, म्हणजे पिढी, आणि वर, शिवाय टीपीएम २.० ही सिक्युरिटीची चिप पाहिजे. आता सातवीतला i५-७२००यू आला २०१६ च्या ऑगस्टमध्ये आणि आठवीतला i५-८२५०यू बरोबर वर्षानं, म्हणजे एका वर्षाच्या फरकावर एक मशीन आत आणि एक बाहेर. सिक्युरिटीसाठी म्हणावं तर टीपीएम चिप सहाव्या-सातव्या जनरेशनच्या बऱ्याच ऑफिस लॅपटॉपात होतीच की. आठवीत दोनाचे चार कोर, म्हणजे प्रोसेसरमधले काम करणारे भाग, झाले हे मान्य, पण मग सातवीतल्या i७-७८२०एचक्यूला सूट कशी मिळाली? तो विंडोजवाल्या कंपनीच्याच एका महागड्या मशीनमध्ये बसवलेला होता! याला नियम म्हणायचं का, तुम्हीच ठरवा. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला, घरगुती वापराला फक्त एक वर्ष जादा सिक्युरिटी अपडेट मिळाले, आणि सातवीपर्यंतचा चांगला चालणारा माल लॉटमध्ये मागं पडला. काहीजण अट चुकवून ११ टाकून विकायलेत, गिऱ्हाइकाला सांगत नाहीत, म्हणून घेताना प्रोसेसरचा नंबर आधी बघा.

जुनं म्हणजे स्वस्तच असं पण नाही बरं का. बेळगावच्या उद्यमबागेसारख्या कारखान्यांच्या ठिकाणी एखाद्या जुन्या मशीनचं कंट्रोल कार्ड आयएसए स्लॉटचं, म्हणजे कार्ड बसवायच्या जुन्या खाचेचं, असलं की नवा पीसी कामाचाच नाही, तो स्लॉट साध्या मदरबोर्डवरनं २००० च्या सुमारास जायला लागला. मग चालू हालतीतला पेंटियम थ्री या त्या काळच्या प्रोसेसरचा बोर्ड मिळाला तर मालक घासाघीस करत बसत नाही, कारण मशीन बंद ठेवणं त्याहून महाग.

ग्राफिक कार्डाचं उलटं झालं. १५ सप्टेंबर २०२२ ला इथेरियम या डिजिटल चलनाचं मायनिंग, म्हणजे ग्राफिक कार्डावर गणितं सोडवून नाणी कमावणं, थांबलं आणि रात्रंदिवस राबलेली कार्डं बाजारात ओतली गेली, भाव पडले. आणि २०२५ च्या शेवटी एआय सर्व्हरपायी मेमरी महागली, डीडीआर४ ही जुन्या लॅपटॉपातली रॅम सुद्धा, त्यामुळं आता बंद पडलेल्या लॅपटॉपची बोली लावताना पण आत १६ जीबीची स्टिक आहे का ते आधी विचारतात.