फोडाचा नव्हे, फोडाशेजारचा तुकडा

तोंड आलं की आपण बी-कॉम्प्लेक्सच्या गोळ्या घेतो आणि आठ-दहा दिवसांत विसरूनही जातो. पण महिना उलटला, तरी भाकरीचा घास गालाला लागताच डोळ्यांत पाणी येत असेल, तर मात्र त्वचारोगतज्ज्ञांना दाखवाच. पेम्फिगस वल्गॅरिस हा आजार बरेचदा तोंडातच सुरू होतो. अंगावर फोड उठायला पुढे कित्येक महिने लागू शकतात आणि हे महिने गोळ्या बदलण्यात वाया गेलेले पाहून फार वाईट वाटतं.

या आजारात आपलीच प्रतिकारशक्ती डेस्मोग्लीन या प्रथिनावर उलटते. त्वचेच्या पेशी एकमेकींना धरून राहतात त्या याच्याच जोरावर. पकड सुटली की मधे पाणी भरतं. हा फोड पातळ, हात लागताच फुटणारा. बुलस पेम्फिगॉइड हा फोडांचा दुसरा आजार बहुधा साठीनंतर होतो. त्यात वरचा अख्खा थरच खालच्या थरापासून सुटतो. म्हणून फोड टणक, टम्म फुगलेला, आणि खाज भयंकर. हे दोन आजार वेगळे आहेत, हे त्वचारोगतज्ज्ञ वॉल्टर लिव्हर यांनी 1953 मध्ये दाखवून दिलं.

खरी गोम बायोप्सीत आहे. तुकडे दोन लागतात. एक ताज्या, लहान फोडाचा. तो फॉर्मालिन या तुकडा टिकवणाऱ्या रसायनात जातो. दुसरा फोडालगतच्या, वरून धडधाकट दिसणाऱ्या कातडीचा. फोडाच्या जागी दाह होऊन प्रतिपिंडं, म्हणजे प्रतिकारशक्तीने सोडलेली हल्लेखोर प्रथिनं, नष्ट झालेली असू शकतात, शेजारी ती शाबूत सापडतात. हा तुकडा चुकून फॉर्मालिनमध्ये पडला, तर तपासणी वाया जाते. त्याला प्रतिपिंडं शाबूत ठेवणारं मिशेलचं द्रावण लागतं. लगेच पाठवायचा असेल, तर साधं सलाईनही चालतं.

प्रयोगशाळेत या दुसऱ्या तुकड्यावर प्रतिपिंडांना चिकटणारा चमकणारा रंग टाकतात. काळ्या पार्श्वभूमीवर प्रत्येक पेशीभोवती हिरवी कड, जणू मासेमारीचं जाळं पसरलंय, असं दिसलं तर पेम्फिगस. दोन थरांच्या सीमेवर एकच सलग हिरवी रेघ दिसली, तर पेम्फिगॉइड गटातला आजार. पेम्फिगसची प्रतिपिंडं रक्तातही असतात, हे संशोधक ब्यूटनर आणि जॉर्डन यांनी 1964 मध्ये दाखवलं. आज एलायझा या रक्तचाचणीने ती मोजताही येतात.

रेघेवरून नेमका आजार ठरत नसेल, तर मीठ कामी येतं. निरोगी कातडी मिठाच्या पाण्यात ठेवून तिचे थर सुटे करतात आणि तिच्यावर रुग्णाचं रक्तद्रव टाकतात. भेगेच्या छताला हिरवं चमकलं, तर बहुधा पेम्फिगॉइड. तळाला चमकलं, तर शंका एपिडर्मोलिसिस बुलोसा अ‍ॅक्विझिटा या फोडांच्या तिसऱ्याच आजाराकडे वळते. तो स्टिरॉइडला सहजी दाद देत नाही, म्हणून उपचार ठरवण्याआधीच हे कळायला हवं.