कोकणविषयक ॲफिलिएट संकेतस्थळे : डोमेन नाव आणि शोधातील क्रम

एखाद्या वस्तूची किंवा निवासाची माहिती देऊन, सोबतच्या दुव्यावरून वाचकाने खरेदी अथवा आरक्षण केले की विक्रेत्याकडून कमिशन मिळवणाऱ्या संकेतस्थळास ‘ॲफिलिएट संकेतस्थळ’ म्हणतात. विषय मुद्दाम अरुंद ठेवला असेल तर व्यवहारात त्याला ‘निश साइट’ हे नाव आहे. अलिबागपासून वेंगुर्ल्यापर्यंतच्या किनारपट्टीवर अशा संकेतस्थळांना प्रामुख्याने तीन विषय सापडतात : पर्यटन व निवास, हापूस, काजू, कोकम यांसारखा माल, आणि बागायतीला व घराला लागणारी साधने. पहिल्या दोहोंचा वाचक बहुधा मुंबई-पुण्याचा असतो, तिसऱ्याचा मात्र गावातला किंवा गावी घर बांधणारा चाकरमानी.

दुव्यामध्ये संकेतस्थळाचा ओळख-संकेत असतो आणि ब्राउझरमधील कुकीमुळे (तिथे साठवलेल्या छोट्या नोंदीमुळे) तो ठरावीक काळ लक्षात राहतो. ॲमेझॉनने आपली ॲफिलिएट योजना १९९६ मध्ये सुरू केली. तिच्यात ही मुदत साधारणपणे २४ तासांची असते. वाचक कुठून आला, तर बहुतेक वेळा गूगलच्या शोधातून. म्हणूनच डोमेन नाव (संकेतस्थळाचा पत्ता) आणि शोधातील क्रम (गूगलच्या निकालांत ते कितव्या जागी दिसते) हे दोन प्रश्न या व्यवसायात जोडीने येतात, आणि त्यांचा परस्परसंबंध मानला जातो त्यापेक्षा बराच सैल आहे.

नावाची निवड : लोक जे शब्द टाइप करतात तेच जसेच्या तसे डोमेनमध्ये घेतले की क्रम वर लागतो, हा समज एकेकाळी बऱ्याच अंशी खरा होता. सप्टेंबर २०१२ मध्ये गूगलने केवळ नावाच्या बळावर वर येणाऱ्या निकृष्ट संकेतस्थळांविरुद्ध स्वतंत्र बदल केला. आजच्या गूगलच्या मार्गदर्शनानुसार डोमेनमधील शब्दांचा क्रमावर जवळजवळ काहीच परिणाम होत नाही. तरीही नाव महत्त्वाचे आहे, कारण ते माणसाने लक्षात ठेवायचे असते, फोनवर सांगायचे असते आणि व्हॉट्सॲपवर पाहून त्यावर विश्वास ठेवायचा असतो.

कोकणात पहिली अडचण रोमन लिपीची येते. मालवण हे नाव व्हीने लिहावे की डब्ल्यूने? देवगडच्या मध्यावर व्ही की ओ? खुद्द कोकण शब्दात एन एकदा की दोनदा? रेल्वेच्या नावात तो दोनदा आहे, तर अनेक दुकानांच्या पाट्यांवर एकदाच दिसतो. ‘हापूस’ लिहिताना यू एकच घ्यायचा की दोन ओ, यावर घरातही एकमत नसते, आणि परदेशातील ग्राहक तर ‘अल्फान्सो’ शोधतो. शोधयंत्र ही रूपे बऱ्यापैकी जुळवून घेते, पण पत्ता थेट टाइप करणाऱ्याला एका अक्षराची चूकही चालत नाही. परवडत असेल तर दोन्ही रूपे नोंदवून एक दुसरीकडे वळवावे. त्याहून बरे म्हणजे ज्याचे रोमन लेखन एकाच प्रकारे होते असा शब्द निवडावा.

दुसरी अडचण एकाच नावाच्या अनेक गावांची. रायगड जिल्ह्यात जंजिऱ्याचे मुरूड आहे, रत्नागिरी जिल्ह्यात दापोली तालुक्यात महर्षी कर्व्यांचे मुरूड आहे, आणि लातूर जिल्ह्यातही एक मुरूड आहेच. नुसते मुरूड असलेले डोमेन घेतले तर जंजिरा पाहायला निघालेल्या कुटुंबाने दापोलीकडची खोली आरक्षित करण्याची शक्यता राहते. नावात नाही तर निदान पानाच्या शीर्षकात तालुका असलाच पाहिजे.

नाव किती अरुंद असावे? एका गावाचे व एकाच वस्तूचे नाव बांधून घेतले की वाढीची वाट बंद होते. हापूसच्या नावाचे संकेतस्थळ जूननंतर ओस पडते, आणि त्यावर काजू-कोकमाची पाने घातली तर नावाशी विसंगत दिसतात. याउलट नुसते ‘कोकण’ घेतले की मोठ्या प्रवासी कंपन्यांशी गाठ पडते. गावाऐवजी विषय किंवा दृष्टिकोन सांगणारे, उच्चाराला सोपे, आकड्यांशिवायचे व शक्यतो संयोगचिन्हाशिवायचे नाव बहुतेकदा टिकाऊ ठरते. तांत्रिक मर्यादा एका भागाला ६३ वर्णांची आहे. चांगले नाव तिच्या आसपासही जात नाही.

डॉट इन हे भारताचे देशदर्शक टोक आहे व त्याची नोंदणी निक्सी ही संस्था सांभाळते. भारतातील वाचकासाठी ते डॉट कॉमइतकेच चालते. देवनागरीतील डॉट भारत २०१४ पासून उपलब्ध असून मराठी व कोंकणी दोन्ही त्यात लिहिता येतात. आपल्या लिपीत पत्ता असणे ही अभिमानाची गोष्ट आहे आणि त्याचा वापर वाढायला हवा. मात्र आतून तो पत्ता पनीकोड नावाच्या रोमन रूपात साठवला जातो. काही ठिकाणी चिकटवल्यावर ते अगम्य रूपच दिसते आणि वाचक त्याला फसवा दुवा समजतो. शिवाय ‘गणपतीपुळे’ आणि ‘गणपतिपुळे’ ही शोधयंत्राला एकच वाटली तरी डोमेन म्हणून दोन वेगळी नावे आहेत. म्हणून आज देवनागरी नाव जोडीला घेणे शहाणपणाचे, एकटे नव्हे.

नावावरचा हक्क हा मुद्दा कोकणात विशेष नाजूक आहे. ‘अल्फान्सो’ला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे व पालघर हे त्याचे जिल्हे. वेंगुर्ला काजू आणि सिंधुदुर्ग व रत्नागिरी कोकम यांनाही मानांकन आहे. डोमेन आधी नोंदवले म्हणून त्या नावाने दुसरीकडचा आंबा खपवण्याचा अधिकार मिळत नाही. देवगडच्या नावाची किंमत तिथल्या बागायतदारांनी पिढ्यान्‌पिढ्या घडवली आहे. ते नाव वापरणाऱ्याने त्याच बागांचा माल दाखवावा, एवढी मागणी रास्तच आहे. व्यापारचिन्हाचा भंग करणाऱ्या डॉट इन नावांसाठी स्वतंत्र तंटा-निवारण धोरण आहे, आणि ॲमेझॉनच्या करारात तर तिचे नाव डोमेनमध्ये घालण्यास स्पष्ट मनाई आहे.

शोधातील क्रम : ‘तारकर्ली हॉटेल’ असे शोधल्यावर वर नकाशा दिसतो, मग मोठ्या आरक्षण कंपन्या. नकाशावरील नोंद ग्राहकांना प्रत्यक्ष भेटणाऱ्या व्यवसायांसाठी असते. केवळ ऑनलाइन असलेल्या ॲफिलिएट संकेतस्थळाला तिथे जागा नाही. छोट्या संकेतस्थळाची ताकद लांब व नेमक्या प्रश्नांत असते : म्हाताऱ्या आईवडिलांना चढण न लागता समुद्र कुठे दिसेल, पावसाळ्यात सिंधुदुर्ग किल्ल्याकडे बोटी जात नाहीत तेव्हा मालवणात काय पाहावे, वेळासला कासवांची पिल्ले कोणत्या महिन्यांत दिसतात.

डिसेंबर २०२२ मध्ये गूगलने गुणवत्तेच्या निकषांत ‘प्रत्यक्ष अनुभव’ हा घटक जोडला. वस्तूंच्या परीक्षणांबाबत स्वतः वापरल्याचा पुरावा, स्वतःची छायाचित्रे आणि उणिवांचा उल्लेख यांची अपेक्षा २०२१ पासूनच सांगितलेली आहे. या बाबतीत किनाऱ्यावरच्या माणसाकडे जे आहे ते दिल्लीत बसून लिहिणाऱ्याकडे नाही. खाऱ्या हवेत कोणत्या पंख्याची जाळी दोन पावसाळ्यांत गंजते, चिऱ्याच्या भिंतीत कोणता स्क्रू धरतो आणि कोणता भुगा पाडून बाहेर येतो, उतारावरच्या काजूच्या बागेत खांद्यावरचा ग्रासकटर किती वेळ पेलवतो, दापोलीच्या कृषी विद्यापीठाने विकसित केलेला, आंबे उतरवायचा नूतन झेला आणि बाजारातला साधा झेला यांत आंब्याचा देठ कशात शाबूत राहतो : ही माहिती कंपनीच्या पत्रकात नसते. अशी पाने संख्येने थोडी असली तरी इतर संकेतस्थळे आपणहून त्यांचा दुवा देतात, आणि दुसऱ्यांनी दिलेला दुवा हा दुवे मोजून क्रम ठरवणाऱ्या गूगलच्या १९९८ च्या पेजरँक पद्धतीपासून क्रमाचा एक आधार राहिला आहे. क्रम वाढवण्यासाठी विकत घेतलेले दुवे हा गूगलच्या नियमांचा भंग आहे.

हंगामाचे भान हवे. आंब्याविषयीचे पान एप्रिलमध्ये लिहून उपयोग नाही. ते गूगलच्या नोंदीत येऊन स्थिरावायला वेळ लागतो. गणेशोत्सवाच्या प्रवासाचा शोध आरक्षण उघडण्याच्या सुमारास वाढतो, आणि रेल्वेचे आरक्षण १ नोव्हेंबर २०२४ पासून १२० ऐवजी ६० दिवस आधी उघडते. दर वर्षी नवे पान न करता एकाच पत्त्यावरचे पान अद्ययावत करावे व पत्त्यात साल घालू नये. जुने दुवे त्यामुळे वाया जात नाहीत. मराठी व इंग्रजी पाने वेगळ्या पत्त्यांवर ठेवून ती एकमेकांशी जोडावीत. एकाच पानात दोन्ही भाषांची भेसळ केली तर गूगलला पानाची भाषा नीट ठरवता येत नाही.

कमिशनचा कल : कोकणातल्या घरगुती खाणावळी आणि न्याहारी-निवासाची घरे यांतील पुष्कळशी फोनवरच आरक्षण घेतात, त्यांची ॲफिलिएट योजना नसते. छोट्या बागायतदाराचीही नसते. त्यामुळे फक्त कमिशन देणाऱ्यांची यादी केली तर कोकणातले उत्तम ते नेमके गळते आणि वाचकापुढे खोटे चित्र उभे राहते. कमिशन न देणाऱ्या घरांचीही शिफारस करणारे संकेतस्थळ अधिक खरे असते, आणि वाचक पुन्हा त्याच्याकडेच येतो.

कमिशनचे नाते उघड करणे बंधनकारक आहे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ अन्वये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२२ मध्ये काढलेल्या मार्गदर्शक सूचना जाहिरात व शिफारस यांमधील असा संबंध जाहीर करायला सांगतात. पानाच्या सुरुवातीला, साध्या मराठीत एक ओळ पुरते. दुव्यांच्या कोडमध्ये ‘स्पॉन्सर्ड’ ही, दुव्यामागे पैशाचा संबंध आहे असे शोधयंत्राला सांगणारी खूण लावावी. गूगलने ती २०१९ मध्ये आणली.

जुनी नावे आणि नूतनीकरण : मुदत संपलेले जुने डोमेन घेऊन त्याच्या प्रतिष्ठेवर असंबद्ध मजकूर चढवणे मार्च २०२४ पासून गूगलच्या स्पॅम धोरणात स्पष्टपणे निषिद्ध आहे. बंद पडलेल्या शाळेच्या किंवा वाचनालयाच्या नावाखाली हॉटेलांचे दुवे लावणे यातच मोडते. स्वतःचे नाव मात्र निसटू देऊ नये. नोंदणी एका वेळी जास्तीत जास्त १० वर्षांसाठी करता येते. नोंदणी संकेतस्थळ बनवून देणाऱ्याच्या नावावर न होता मालकाच्या नावावर व त्याच्याच ईमेलवर झाली आहे का, हे पैसे देण्यापूर्वीच तपासावे.