विश्वामित्रीचा पूर आणि दुसरा बाण

ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्री नदीने ३५ फुटांची पातळी ओलांडली आणि वडोदऱ्याच्या कितीतरी वसाहती पाण्यात गेल्या. तेव्हापासून रात्री पावसाने जोर धरला की घराघरांत मोबाइलवर, ज्याचं पाणी या नदीत येतं त्या आजवा धरणाची पातळी बघणं सुरू होतं. कागदपत्रं माळ्यावर जातात, पोटात गोळा येतो. या भीतीला कुणी भित्रेपणा म्हणू नये. हवा एका अंशाने तापली की ती सुमारे ७ टक्के जास्त बाष्प धरू शकते, त्यामुळे अतिवृष्टीचा जोर वाढतो. मनाने धोका बरोबर ओळखलेला असतो.

२०२१ मध्ये भारतासह १० देशांतल्या १६ ते २५ वयाच्या १०,००० तरुणांची पाहणी प्रसिद्ध झाली. त्यात ५९ टक्के जण हवामानबदलामुळे प्रचंड काळजीत होते.

सल्ल सुत्त या पाली उपदेशात बुद्ध दोन बाणांबद्दल सांगतात. दुःखाचा पहिला बाण कुणाला चुकत नाही; त्यावर झुरत बसणं हा दुसरा. घरात पाणी शिरलं, हा पहिला. ‘पोरांचं पुढे कसं होणार’ हे रात्रभर घोळवणं, हा दुसरा, आणि तेवढ्यानेही झोप उडते, छाती धडधडते. आनापानसती या बौद्ध ध्यानपद्धतीत येणारा-जाणारा श्वास फक्त पाहायचा असतो. श्वास संथ झाला की व्हेगस मज्जातंतूचा प्रभाव वाढून हृदयाची गती उतरते. चिंताविकाराच्या रुग्णांवरच्या २०२२ च्या एका चाचणीत आठ आठवड्यांचं सजगतेचं प्रशिक्षण एस्सिटालोप्रॅम या औषधाइतकंच गुणकारी ठरलं. (चालू औषध मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय सोडू नका.)

पण नुसतं शांत बसून पाणी ओसरत नाही, आणि मला याचीच जास्त तळमळ आहे. अमेरिकेतल्या तरुणांच्या एका अभ्यासात, इतरांसोबत मिळून काम करणाऱ्यांमध्ये हवामानाची चिंता आणि नैराश्य यांचं नातं सैल दिसलं. एकट्याने केलेल्या कामात तसं दिसलं नाही. दुःखातून कामाकडे वळण्याचं उदाहरण तर याच शहरात आहे: आपल्या कमाटीबाग या उद्यानातच, २३ सप्टेंबर १९१७ रोजी, शहरात राहायला जागा नाकारली गेल्यावर डॉ. आंबेडकर झाडाखाली बसून रडले आणि तिथेच त्यांनी अस्पृश्यता संपवण्याचा संकल्प केला.

आपल्यासमोरचं काम त्यामानाने लहान आहे. मे महिन्यात सोसायटीमागची वरसादी कांस, म्हणजे पावसाच्या पाण्याचा नाला, जाऊन बघा. वेफर्सची पाकिटं, थर्मोकोल, फुटक्या टाइल्स आणि त्यावर गुडघाभर गाळ. शेजारच्या चार घरांना सोबत घ्या, फोटो काढा, वॉर्ड ऑफिसात सगळ्यांच्या सह्यांचा अर्ज द्या आणि जूनआधी गाळ निघेपर्यंत पाठपुरावा सोडू नका. नदीकाठच्या कोतरांत (घळींत) कुठे भराव पडताना दिसला, तर त्याच अर्जात तेही लिहा.