हळदीच्या दुधाने ‘आतली सूज’ उतरते?

संध्याकाळी चहात बुडवून चार खारी, वर फरसाण. रात्री हळदीचं दूध घेतलं की हिशेब चुकता! वजन जास्त असलेल्यांना हे हमखास ऐकवलं जातं. तो चुकता होत नाही. पोटाची चरबी म्हणजे नुसती साठवण नव्हे. १९९३ मध्ये लठ्ठ उंदरांच्या चरबीतच टीएनएफ-अल्फा हे दाह, म्हणजे ही ‘आतली सूज’, वाढवणारं रसायन सापडलं. ते रक्तातली साखर आटोक्यात ठेवणाऱ्या इन्सुलिनच्या कामात खोडा घालतं. मैदा, साखर, वनस्पती तूप त्यात भरच घालतात. आणि हळद? चमचाभर, म्हणजे तीनेक ग्रॅम हळदीत कर्क्युमिन (दाह कमी करतो असं मानला जाणारा तिचा घटक) जेमतेम १०० मिलिग्रॅम, तेही आतड्यात फारसं शोषलं जात नाही. दूध आवडतं तर प्या की! खारीऐवजी मूठभर फुटाणे घ्या. कंबर पुरुषांत ९०, बायकांत ८० सेंटिमीटरच्या वर असेल तर रक्तातली साखर तपासून घ्या.